तिसरा तक्ता

रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून सगळ्या घराने तपासणीच्या खोलीत बसायचं, ही वेळ त्या घरावर आजवर दोनदाच आली होती. पहिल्यांदा एकतीस वर्षांपूर्वी, आत्या कॉन्व्हेंटमधून परत आली तेव्हा. त्या वेळी सगळे बसले, कोणी चकार शब्द काढला नाही आणि चहा पिऊन उठले. दुसऱ्यांदा अण्णा, म्हणजे आत्याचे वडील, गेले आणि चष्म्यांचं दुकान कोणी बघायचं हे ठरवायचं होतं तेव्हा. त्या वेळी मात्र सगळे एकदमच बोलले. आज तिसरी खेप होती, आणि आज काय होणार याचा आत्याला काही केल्या अंदाज येत नव्हता. म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन खिडकीजवळचं स्टूल धरून बसली.

टेबलावर फॉर्म पडला होता. सेमिनरीचा, आठ पानी. काल संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर झिरोने तो बापापुढे ठेवला होता आणि म्हणाला होता, "बाबा, यातलं एवढं एकच पान राहिलंय. डोळ्यांचा दाखला. फॉर्म सोमवारी द्यायचाय." पोराला फादर व्हायचंय, ही बातमी घराला अशी कळली.

झिरो म्हणजे दादाचा, आत्याच्या थोरल्या भावाचा, धाकटा मुलगा. वय वर्षं सव्वीस. थोरला जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यावर, त्यामुळे दुकानाची सगळी भिस्त याच्यावर. चष्मेवाल्यांच्या या घरात जन्माला येऊन चष्मा न लागलेला हा एकटाच. म्हणून लहानपणापासून त्याला झिरो म्हणत, आणि तोही बिनतक्रार ओ देई. पाच चौक ओलांडले की दुसरं एक चष्म्याचं दुकान होतं. तिथे त्याला दहा मिनिटांत शिक्का मारून मिळाला असता. तिथे न जाता तो पान घेऊन घरी आला, याचा दादाने काय अर्थ लावला कोण जाणे. आत्याने मात्र रात्रभर त्याचाच विचार केला होता.

"मग," दादाने सुरुवात केली. तो खुर्चीवर न बसता काचा घासायच्या चाकाला टेकून उभा होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "हे खूळ कधीपासूनचं?"

"दोन वर्षांपासूनचं," झिरो म्हणाला. "मी फादरना तेव्हाच विचारलं होतं. ते म्हणाले, थांब. दुकानात काम कर, मित्रांत राहा, दोन वर्षांनी हेच वाटलं तर ये. मी थांबलो."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार होतो? मलाच माहीत नव्हतं, टिकतंय की नाही."

दाराशी पेंटर बसला होता. दादाचा आणि आत्याचा धाकटा भाऊ, पाट्या रंगवणारा. नखांत बाराही महिने रंग. चर्चमध्ये तो लग्नाला आणि मातीला जायचा, तेही मागच्या बाकावर, दारातून लवकर सटकता येईल असा. सगळ्यांची अशी समजूत होती की आज हाच पोराची खिल्ली उडवणार. तो म्हणाला, "दोन वर्षं? मी लग्न करताना दोन दिवस विचार केला नव्हता. दादा, पोरगं आपल्यापेक्षा शहाणं आहे. जाऊ दे त्याला."

"तुला काय जातं म्हणायला?" दादा उसळला. "बसस्टँडसमोरचं नवं दुकान कोणासाठी घेतलं मी? पाटीसुद्धा तूच रंगवलीस ना मागच्या आठवड्यात?"

"रंगवली. पुसूनही देईन. रंग माझाच आहे."

आणि मग सगळ्यांच्या माना वहिनीकडे वळल्या. वहिनी रोज सकाळी सहाच्या मिस्साला जाणारी. पाऊस असो, ताप असो, तिचा नेम चुकला नाही. घरात फादर होणार म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत आनंदाश्रू येतील, असं पेंटरने कालच पैजेवर सांगितलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आनंद कुठे शोधून सापडला नसता.

"मी नाही पाठवणार," वहिनी म्हणाली.



"आई, तू तर..."

"मी तर काय? मी रोज देवाकडे सगळ्यांसाठी मागते. तुझ्यासाठी काय मागत होते ठाऊक आहे? औषधवाल्यांची मुलगी. दोन वर्षं मागतेय. चांगली पोर आहे, तुझ्याशी हसून बोलते, तूही बोलतोस, मला काय डोळे नाहीत? आणि तू तिला सोडून चाललास. का? तिने नाही म्हटलं का तुला?"

"नाही," झिरो म्हणाला. "मी तिला काहीच विचारलं नाही. मागच्या महिन्यात जाऊन फक्त सांगितलं, मी असं असं करतोय, कोणी माझ्यासाठी थांबू नये. ती रडली. मग म्हणाली, बरं झालं आधी सांगितलंस. ती मला आवडायची, आई. अजून आवडते. कोणी नाही म्हटलं म्हणून मी जात नाहीये."

दादा मध्ये पडला. "मग कशाला जातोयस? लोकांची सेवा करायचीय? कर की. गुरुवारी त्या वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांना पत्रं वाचून दाखवतोस, मला कळत नाही असं वाटतं का तुला? मी कधी अडवलं? दुकान सांभाळून कर ना काय करायचं ते. त्याला झगा कशाला हवा?"

हा प्रश्न रास्त होता. आत्याने मनातल्या मनात दादाला मार्क देऊन टाकले.

झिरोने हातातली चिमटी खाली ठेवली. लहान स्क्रू धरायची ती चिमटी तो मघापासून नुसतीच उघडत-मिटत होता. "बाबा, तो कंडक्टर आठवतो? बसवरचा, निवृत्त झालेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलेला."

"आठवतो. सगळ्या काचा लावून बघितल्या त्याला. एकही लागू पडली नाही."

"तुम्ही त्याला म्हणालात, काका, आता आमच्या हातात काही नाही. मी त्याला घरी सोडायला गेलो. तेव्हापासून जात राहिलो. शेवटी तो अगदी जायला आला, तेव्हा मला म्हणाला, फादरना बोलाव. मी पळत जाऊन घेऊन आलो. फादर त्याच्या पापांची कबुली ऐकायला आत गेले आणि दार लावून घेतलं. मी बाहेर जिन्यात उभा. अर्ध्या तासाने दार उघडलं. तो कंडक्टर, बाबा, वर्षभर मी त्याला पत्रं वाचून दाखवली, दाढी करून दिली, पण असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता त्याचा. काहीतरी मोठं ओझं उतरवून बसल्यासारखा. ते मला नसतं करता आलं. कितीही वर्षं गेलो असतो तरी नसतं आलं. तेव्हा मला कळलं की मला जिन्यात उभं राहायचं नाहीये."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"खात्री आहे तुझी?" दादाने विचारलं. आता त्याचा आवाज खाली आला होता. "शंभर टक्के?"

"नाही," झिरो म्हणाला.

"बघा!" वहिनी ताडकन उभी राहिली. "बघा, स्वतःच सांगतोय! खात्री नाही आणि निघालाय! उद्या जाशील, वर्षभराने परत येशील, मग काय? इथे बघतोय ना आपण काय होतं ते? ताईंचं काय झालं? अख्खा जन्म काउंटरमागे गेला त्यांचा! परत आलेल्या माणसाला कोण..."

बोलता बोलता तिचं तिलाच कळलं. तिने हात तोंडावर नेला.

पेंटर उठला आणि उगाच खिडकीची कडी बघू लागला. दादा जमिनीकडे बघत होता. आत्याला हसू आलं. खरोखर हसू आलं. एकतीस वर्षं या वाक्याची ती वाट बघत होती. ते कोणीतरी, कधीतरी, काउंटरच्या पलीकडून बोलेल असं तिला वाटायचं. बोललं ते घरातच, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त जीव असलेल्या माणसाने. दुखलं, पण जितकं दुखेल असं वाटलं होतं तितकं नाही.

"बस, वहिनी," ती म्हणाली. "बस आधी. आता निघालंच आहे तोंडातून तर मला बोलू दे."

"ताई, मला तसं..."

"तसंच म्हणायचं होतं तुला. हरकत नाही. मला या घराला एक गोष्ट विचारायचीय. मी नऊ वर्षांची असताना जिन्यावरून पडले, ते आठवतंय का कोणाला?"

दादाने मान वर केली. "दात पडला होता तुझा."

"दात पडला. का पडले? मला पायऱ्या दिसतच नव्हत्या. आणि दोन वर्षं अण्णा मला दर सहा महिन्यांनी याच खुर्चीत बसवत होते, समोर तो तक्ता लावत होते, आणि मी वरपासून खालपर्यंत अक्षरं घडाघडा म्हणत होते. अण्णांची छाती फुगायची. माझ्या पोरीची नजर बघा म्हणायचे. मला एक अक्षर दिसत नव्हतं. पाठ होता मला तो तक्ता. या दुकानात वाढलेल्या प्रत्येक पोराला पाठ असतो. चालायच्या आधी येतो."

पेंटर खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला, "मलाही येत होता."

"मग अण्णांनी घरच्यांसाठी दुसरा तक्ता आणला आणि तो कपाटात, तोंड भिंतीकडे करून ठेवला. डोळ्यांचं निस्तरलं. पण मी कॉन्व्हेंटला निघाले, तेव्हा मोठ्या सिस्टरनी मला विचारलं, खात्री आहे? मी म्हटलं, शंभर टक्के. विचारलं, प्रार्थनेत मन रमतं? रमतं. घरची आठवण येईल? येणार नाही. सगळी उत्तरं मला पाठ होती. अण्णांनी आठ दिवस आधीच साऱ्या गल्लीला सांगून टाकलं होतं, माझी मुलगी सिस्टर होणार. त्यांचा चेहरा असा उजळला होता की, दादा, मी कुठल्याही प्रश्नाला कुठलंही उत्तर दिलं असतं. सगळे खूश होते म्हणून मी गेले." तिने झिरोकडे बोट केलं. "आणि हा? याच्यामुळे एकही माणूस खूश नाहीये या घरात."

"मी आहे," पेंटर म्हणाला.

"तू गप्प बस. तुला कोणी विचारत नाही. याचा बाप नाराज, आई रडतेय, दुकान अडलंय, ती पोर मनातून जात नाही. आणि तरी याला जायचंय. वर विचारलं तर हा म्हणतो, खात्री नाही. वहिनी, हा तक्ता पाठ केलेला पोरगा नाहीये गं. जे दिसतंय तेवढंच सांगतोय."

वहिनी बसली. तिने डोळे पुसले ते हळूहळू, विचार करत. दादा मात्र बहिणीकडे असा बघत राहिला की आत्यालाच नजर वळवावी लागली.

"हे तू कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"मी आले त्या दिवशी अण्णांनी माझ्या हातात चावी दिली आणि म्हणाले, उद्या नवाला उघड. मी उघडलं. तेव्हापासून उघडतेय."

दादा पुढे झाला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. फॉर्म उचलला, ते पान काढलं, आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं पोराला सांगितलं, "बस खुर्चीत. दाखला तर करायलाच हवा."

झिरो बसला. दादाने डावा डोळा झाकायला सांगितला, दिवा लावला, तक्ता उजळला.

"हा मला पाठ आहे," झिरो म्हणाला.

दादाने कपाट उघडलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला तक्ता काढून अडकवला.

"हाही पाठ आहे. सहा वर्षं पुसतोय मी तो."

"मग नुसतं लिहून टाकतो. झिरो, झिरो. सव्वीस वर्षं तेच आहे." दादाने पेन काढलंसुद्धा.

"नका लिहू, बाबा. मला खरंच माहीत नाही काय आहे ते. तपासा."

पेन तसंच राहिलं. या दुकानाचा इतक्या वर्षांचा मालक क्षणभर पोराकडे बघत उभा राहिला आणि आत्याला दिसलं की काहीतरी त्याच्या आत जागेवर बसलं. कंडक्टरच्या गोष्टीने नाही, बहिणीच्या बोलण्यानेही नाही. सोमवारची मुदत डोक्यावर असताना पोरगा खोटा दाखला घेत नाही, याने.

"पेंटर," दादा म्हणाला, "ब्रश आण."

पुढचा अर्धा तास दोघा भावांनी जो गोंधळ घातला तो बघण्यासारखा होता. पेंटरने पांढरा पत्रा आणला. अक्षरं कुठली घ्यायची ते दादाने कागदावर लिहून दिलं, पोराला पाठमोरं बसवून. प्रत्येक ओळीची उंची तो मापाने तपासत होता. "हे केसभर मोठं झालं." "केसभराने काय होतंय?" "केसभरानेच होतं सगळं. पूस." "चाळीस वर्षं पाट्या रंगवतोय मी, कोणी केसभर मोजलं नाही!" "म्हणूनच तुझ्या पाट्या लांबून वाचाव्या लागतात." वहिनीने रंग लवकर वाळावा म्हणून वहीच्या पुठ्ठ्याने वारा घातला. थोड्या वेळापूर्वी 'मी नाही पाठवणार' म्हणणारी बाई वारा घालतेय, हे आत्याने बघितलं, पण बोलून दाखवलं नाही.

तक्ता लागला. तिसरा. रंगाचा वास खोलीभर.

झिरोने पहिल्या ओळी सरळ वाचल्या. उजवा डोळा तळापर्यंत गेला. मग डावा. पाचव्या ओळीला तो अडखळला. सहाव्या ओळीला थांबला.

"वाच."

"नाही दिसत."

"अंदाजाने सांग."

"अंदाज सांगता येईल, बाबा. दिसत नाही."

दादाने तपासणीची जाड गोल फ्रेम त्याच्या नाकावर चढवली आणि काचा घालायला घेतल्या. "हे बरं की आधीचं?" "आधीचं." "आता?" "हे." "आणि हे?" "दोन्ही सारखं." हे शब्द त्या खोलीत रोज पन्नास वेळा उच्चारले जायचे, पण आज दादा एकेक काच अशी हळू उचलत होता की जणू पोराचं सगळं लहानपण पुन्हा एकदा तपासून बघायचं होतं. शेवटी तो थांबला.

"डाव्याला अर्धा."

"म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे याला नंबर आहे."

"अरेच्चा!" पेंटर म्हणाला. "आता याला हाक काय मारायची?" आणि वहिनीला रडता रडता असं हसू फुटलं की तिला भिंत धरावी लागली.

"कोपऱ्यापर्यंत जाऊन ये," दादाने पोराला सांगितलं.

हा अण्णांचा दंडक. कोणीही असो, काच कापायच्या आधी त्याने तपासणीची फ्रेम घालून रस्त्यावर चालून यायचं, कोपऱ्यापर्यंत आणि परत. खुर्चीत बसून सगळ्यांनाच सगळं छान दिसतं, असं अण्णा म्हणत. शटर वर गेलं. झिरो ते अवजड यंत्र नाकावर घेऊन रविवारच्या रिकाम्या रस्त्यावर उतरला. समोरच्या न्हाव्याने आपल्या दारातून ओरडून विचारलं, "काय रे, आज गिऱ्हाईक नाही मिळालं का?" झिरोने नुसता हात केला.

दारात दोघी उभ्या राहिल्या. वहिनीने आत्याचा हात धरला, आणि चुकले वगैरे काही म्हणाली नाही. ती म्हणाली, "पायरीवर अडखळेल का हो?"

"नाही अडखळणार."

तो कोपऱ्यावर पोचला, वर बघितलं, डावीकडे बघितलं, आणि वळला. येताना पावलं जरा भरभर पडत होती. दादा खुर्चीजवळ थांबला होता. त्याने नेहमीचे तीन प्रश्न विचारले.

"चक्कर आली?"

"नाही."

"जमीन जवळ आल्यासारखी वाटली?"

"पहिली दहा पावलं वाटली. मग नाही."

"लांबचं दिसलं?"

"दिसलं. पाटी वाचली, चौकातली. रोज जातो तिथून. आज पहिल्यांदा स्पष्ट वाचली."

दादा खाली बसला. पान पुढे ओढलं, उजवा, डावा, सगळं बारीक अक्षरात भरलं आणि खाली सही केली. शिक्का त्याने शाईत दोनदा दाबून घेतला आणि मगच मारला. मग खणातून दुकानाचं कार्ड काढलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला देतात ते, पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेलं. ते भरून त्याने फॉर्मवर ठेवलं.

"सहा महिन्यांनी तपासायला यायचं. तुमची सुट्टी असते ना तेव्हा? आणि त्याच्या आधी यावंसं वाटलं तर आधी ये. सुट्टीला ये, नाहीतर कायमचा ये. कायमचा आलास तर मी तुझ्या हातात नुसती चावी देणार नाही. समोर बसवून विचारेन, का आलास म्हणून. आणि सगळं ऐकेन. कळलं?"

"कळलं, बाबा," झिरो म्हणाला, आणि एवढा वेळ सरळ बसलेला तो पोरगा बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. नाकावरची फ्रेम बापाच्या गालाला टोचली, तरी ती काढायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

वहिनी वर चहा ठेवायला गेली. पेंटरने दोन्ही जुने तक्ते उचलून कपाटात टाकले. आत्या शटर ओढायला निघाली, इतक्यात दादाने हाक मारली. लहानपणी मारायचा तशी, नुसतं "ए."

ती वळली. खुर्ची आता रिकामी झाली होती. दादाने ती तिच्या बाजूला फिरवली.

"तू का परत आलीस गं?"

आत्या खुर्चीत बसली, चष्मा काढला, रुमालाने दोन्ही काचा नीट पुसल्या आणि सांगायला लागली.